मूळ कॅन्सर आणि मेंदूत पसरलेला कॅन्सर यांतील जनुकीय फरक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचा अशा एखाद्या अवयवात सुरू झालेला कॅन्सर पुढे मेंदूत दिसू लागतो, तेव्हा रुग्णाच्या फाइलमध्ये जनुकीय तपासणीचा एखादा रिपोर्ट बहुधा आधीपासून असतो. कधी तो सहा महिन्यांपूर्वीचा असतो, कधी चार वर्षांपूर्वीचा. पुढचे औषधही त्याच रिपोर्टवरून ठरेल, असे घरचे लोक गृहीत धरतात, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही दुसरा पर्याय नसतो. हे गृहीतक कुठे टिकते आणि कुठे कोसळते, याविषयी नातेवाइकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे घेतले आहेत. ही उत्तरे विषय समजावा म्हणून दिली आहेत. एखाद्या रुग्णाचा उपचार त्यांवरून ठरवू नये.

मेंदूत गाठ सापडली. म्हणजे आता ब्रेन कॅन्सर झाला का?

नाही. फुफ्फुसातून मेंदूत गेलेली गाठ फुफ्फुसाच्याच पेशींची असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी बऱ्याच अंशी आपल्या मूळ अवयवासारख्याच दिसतात, आणि पॅथॉलॉजिस्ट विशिष्ट रंगद्रव्ये वापरून त्यांचे मूळ ओळखतात. मेंदूच्याच पेशींपासून तयार होणारे ग्लायोमासारखे कॅन्सर हा वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. प्रौढांमध्ये मेंदूत आढळणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकी बाहेरून आलेल्या गाठींचे प्रमाणच जास्त असते, आणि त्यांचे प्रमुख उगम म्हणजे फुफ्फुस, स्तन आणि त्वचेचा मेलानोमा. त्यांखालोखाल मूत्रपिंड आणि मोठे आतडे येतात.

पेशी जर त्याच अवयवाच्या, तर जनुकीय फरक येतो कुठून?

कॅन्सरची गाठ म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या पेशींचा ढीग नसतो. प्रत्येक पेशीत डीएनएची सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्यांची प्रत असते. पेशी दुभंगताना ही प्रत उतरवली जाते आणि उतरवताना चुका होतात. निरोगी पेशीत या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते. कॅन्सरच्या पेशीत ती बऱ्याचदा सैल झालेली असते. अमेरिकी संशोधक पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडले की गाठीत पेशींचे वेगवेगळे वंश निर्माण होतात आणि ज्या वंशाला त्या परिस्थितीत तग धरता येतो, तो इतरांना मागे टाकतो. आजचे जवळजवळ सगळे विवेचन याच कल्पनेवर उभे आहे.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूळ गाठ म्हणजे बाप आणि मेंदूतील गाठ म्हणजे लेक, असे चित्र आपण मनात धरतो. वंशावळीचा कागद डोळ्यांसमोर आणला तर वस्तुस्थिती अधिक नीट कळते. वर एक मूळपुरुष असतो. त्याच्यापासून एक शाखा गावातच राहते, दुसरी परगावी जाते, आणि पुढच्या पिढ्या दोन्हीकडे आपापल्या परीने वाढत राहतात. आज ऑपरेशनमध्ये हाती येणारी मूळ गाठ आणि मेंदूतील गाठ यांचे नाते चुलत भावांचे असते. मूळपुरुषाकडून आलेले बदल दोघांतही सापडतात. शाखा फुटल्यानंतर झालेले बदल ज्याचे त्याच्याकडेच राहतात. म्हणूनच मेंदूतील गाठीत नवे बदल दिसतात, तसेच मूळ गाठीत असे काही बदल दिसतात की जे मेंदूत मुळीच नसतात. दुसरी बाजू लोक सहसा लक्षात घेत नाहीत. मूळ गाठीच्या रिपोर्टवरून सुरू केलेले औषध ज्या बदलावर काम करते, तो बदलच मेंदूत नसेल, तर ते औषध तेथे काय करणार?

याला पुरावा काय आहे?

या विषयात सर्वाधिक उल्लेख होणारे काम २०१५ मध्ये ‘कॅन्सर डिस्कव्हरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. प्रिसिला ब्रास्टियानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांच्या बाबतीत तीन नमुने शेजारी शेजारी ठेवून वाचले: मूळ गाठ, मेंदूतून काढलेली गाठ आणि त्याच व्यक्तीची निरोगी ऊती. निरोगी नमुना नसेल, तर जन्मापासून असलेला बदल कोणता आणि कॅन्सरने आणलेला कोणता, हे वेगळे करता येत नाही. त्यामुळे हा तिसरा नमुना अत्यावश्यक होता. जनुकांतील प्रथिने घडवणारा जो भाग असतो, तो संपूर्ण वाचण्यात आला.

निष्कर्ष असा की वर सांगितलेली शाखांची रचना सर्व रुग्णांत दिसली. ५३ टक्के रुग्णांच्या मेंदूतील गाठीत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरू शकेल असा किमान एक बदल सापडला, जो त्याच रुग्णाच्या मूळ गाठीच्या नमुन्यात आढळला नव्हता. हे बदल प्रामुख्याने तीन गटांतील होते: पेशीला वाढीचा आणि तगण्याचा संदेश देणारा पीआय-३-के मार्ग, पेशीविभाजनाचे चक्र फिरवणारी सीडीके प्रथिने, आणि हर-टू व ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारी प्रथिने (रिसेप्टर). तिन्हींवर काम करणारी औषधे अस्तित्वात आहेत आणि त्यामुळेच या अभ्यासाची एवढी चर्चा झाली.

हा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या अभ्यासात शस्त्रक्रियेने गाठ काढता आली असेच रुग्ण होते. मेंदूत अनेक लहान गाठी असलेल्या, ऑपरेशन न झालेल्या रुग्णांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय ‘महत्त्वाचा ठरू शकेल’ आणि ‘महत्त्वाचा ठरला’ यांत बरेच अंतर आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

म्हणजे आधीचा रिपोर्ट चुकीचा होता का?

बहुतेक वेळा नाही. रिपोर्ट ज्या तुकड्याचा होता, त्या तुकड्याविषयी तो बरोबरच असतो.

हा तुकडा प्रत्यक्षात किती असतो, हे एकदा पाहण्यासारखे आहे. सुईने घेतलेली बायोप्सी म्हणजे शेवयांच्या तुकड्याएवढ्या जाडीच्या दोन-चार फिकट काड्या. त्या फॉर्मालिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठेवल्या जातात, नंतर मेणात बसवल्या जातात, आणि काडेपेटीहूनही लहान अशा प्लास्टिकच्या चौकटीत त्यांचा ‘ब्लॉक’ तयार होतो. एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे जाताना नातेवाईक छोट्या झिपच्या पिशवीत घालून सांभाळून नेतात तो हाच. त्यावरून केसापेक्षा कितीतरी पातळ चकत्या कापून काचेवर घेतल्या जातात आणि उरलेल्या चकत्यांतून डीएनए काढला जातो. पाच सेंटिमीटरच्या गाठीचा हा किती अल्प अंश झाला!

लंडनमधील कॅन्सर संशोधक चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने २०१२ मध्ये मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांत एकाच गाठीचे अनेक भाग वेगवेगळे तपासले. कॅन्सरमध्ये झालेल्या बदलांपैकी ६३ ते ६९ टक्के बदल गाठीच्या प्रत्येक भागात सापडले नाहीत. एका जागी सुई गेली असती तर एक यादी मिळाली असती, दोन बोटे पलीकडे गेली असती तर दुसरी. तेव्हा मेंदूत ‘नवा’ दिसलेला बदल खरोखर नवा आहे, की मूळ गाठीच्या न तपासलेल्या कोपऱ्यात तो पहिल्यापासून होता, हे एका रुग्णापुरते ठामपणे सांगता येत नाही. उपचाराच्या दृष्टीने मात्र या दोन शक्यतांचा परिणाम एकच होतो: जुन्या रिपोर्टमध्ये तो बदल नाही आणि मेंदूतील गाठीत आहे.

याशिवाय मेणातील ब्लॉक जुना झाला की त्यातील डीएनए तुटत जातो आणि फॉर्मालिनमुळे काही खोटे बदलही दिसू शकतात. प्रयोगशाळा ते गाळण्याचा प्रयत्न करतात.

कोणते बदल दोन्हीकडे सारखे राहतात आणि कोणते वेगळे निघतात?

ढोबळ नियम असा की कॅन्सरची सुरुवात ज्यामुळे झाली, ते बदल मूळपुरुषाचे असल्याने सहसा सगळीकडे टिकून राहतात. फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमातील (ग्रंथींसारख्या पेशींच्या कॅन्सरमधील) ईजीएफआर, के-रास किंवा एएलके या जनुकांतील बदल आणि मेलानोमातील बीआरएएफ जनुकातील बदल हे बहुतांश रुग्णांत मूळ गाठीत आणि मेंदूत सारखेच आढळतात. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९०७ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे २३ टक्के रुग्णांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरमधील बदल सापडला होता. अशा रुग्णाच्या मेंदूत गाठ दिसली आणि तेथून नमुना घेणे शक्य नसेल, तर जुन्या रिपोर्टच्या आधारे ईजीएफआरवरील औषध देणे सयुक्तिक ठरते. सगळेच रिपोर्ट टाकाऊ झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

वेगळे निघतात ते प्रामुख्याने नंतर झालेले बदल, आणि त्यांत अक्षरांच्या चुकांपेक्षा जनुकांच्या प्रतींची संख्या वाढणे किंवा घटणे हा प्रकार ठळक असतो. २०२० मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमातून मेंदूत गेलेल्या ७३ गाठींची मूळ फुफ्फुसातील गाठींशी तुलना करण्यात आली. मेंदूतील गाठींमध्ये एमवायसी, वायएपी-१ आणि एमएमपी-१३ या जनुकांच्या जादा प्रती, आणि पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या सीडीकेएन-२-ए व २-बी या जनुकांचा लोप अधिक प्रमाणात आढळला. संशोधक येथेच थांबले नाहीत. त्यांनी उंदरांमध्ये टाकलेल्या मानवी कॅन्सर पेशींत यांपैकी पहिली तीन जनुके एकेक करून अधिक सक्रिय केली आणि मेंदूत कॅन्सर पोहोचण्याचे प्रमाण वाढले. जनुके नुसती सोबत दिसणे आणि ती कारणीभूत असणे यांतील फरक दाखवणारे असे प्रयोग या विषयात थोडेच आहेत. म्हणून माझ्या मते हा अभ्यास इतर अनेक लांबलचक याद्यांपेक्षा मोलाचा आहे.

मेलानोमात बीआरएएफ सारखे असूनही पीआय-३-के मार्ग मेंदूतील गाठीत अधिक सक्रिय असल्याचे आढळले आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टूचा रिपोर्ट बदलू शकतो का?

होय, आणि ज्यांच्या बाबतीत हा प्रश्न थेट औषधाशी जोडलेला आहे, अशा रुग्णांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे रुग्ण अग्रभागी आहेत. स्तनाच्या गाठीचे वर्गीकरण इस्ट्रोजेन ग्राहक, प्रोजेस्टेरोन ग्राहक आणि हर-टू या तीन गोष्टींवरून होते. मेंदूत पोहोचलेल्या गाठीत हार्मोनचे ग्राहक नाहीसे होणे आणि मुळात हर-टू निगेटिव्ह असलेल्या गाठीत हर-टू पॉझिटिव्ह पेशींचे वर्चस्व दिसणे, हे दोन्ही प्रकार वारंवार नोंदवले गेले आहेत. सर्व रुग्णांत असे होत नाही. पण ज्यांच्यात होते, त्यांच्यापुढे औषधांचा एक संपूर्ण गट नव्याने खुला होतो.

हा गट किती उपयोगी आहे, याचे मोजमाप झालेले आहे. हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर असलेल्या ६१२ रुग्णांवर झालेल्या ‘हर-टू-क्लाइम्ब’ या चाचणीत २९१ रुग्णांच्या मेंदूत कॅन्सर होता. मेंदूतील कॅन्सर असलेल्या रुग्णांना अशा चाचण्यांतून सहसा वगळले जाते, त्यामुळे ही संख्याच लक्षणीय आहे. ट्रास्टुझुमॅब आणि केपसायटाबिन या औषधांच्या जोडीला ट्युकाटिनिब ही गोळी दिल्यावर मेंदूत कॅन्सर असलेल्या रुग्णांचे आयुर्मान मध्यक हिशेबाने (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले, त्या आकड्याने) १२.५ महिन्यांवरून २१.६ महिन्यांवर गेले. चार वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर ‘हर-टू निगेटिव्ह’ असा शेरा असेल आणि मेंदूतून काढलेली गाठ पुन्हा तपासलीच नाही, तर रुग्ण या शक्यतेपासून दूर राहतो. मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढली गेली असेल, तर हे तीन ग्राहक पुन्हा तपासण्याचा आग्रह नातेवाइकांनी जरूर धरावा. जनुकीय तपासण्यांच्या तुलनेत ही तपासणी स्वस्त आहे आणि बहुतेक मोठ्या पॅथॉलॉजी विभागांत होते.

कॅन्सर मेंदूतच का जातो? तेथील परिस्थितीमुळे पेशी बदलतात का?

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि कॅन्सर कोणत्या अवयवात पसरतो हे निव्वळ रक्तप्रवाहावरून ठरत नाही, असे दाखवले. बी सगळीकडे पडते, पण रुजते ती तिला मानवणाऱ्या जमिनीतच, ही त्यांची उपमा शेती करणाऱ्या कोणालाही वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मेंदूची जमीन मोठी चमत्कारिक आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ ते २० टक्के भाग मेंदूला जातो, त्यामुळे बी पडण्याची संधी भरपूर असते. मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग जेथे मिळतात तेथे रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि पेशी तेथेच अडकतात. एमआरआयवर बहुतेक गाठी याच सीमेवर दिसतात. मात्र अडकलेल्या पेशींपैकी बहुसंख्य मरतात. मेंदूतील ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी सुरुवातीला या घुसखोरांना मारक द्रव्ये सोडतात. ज्या थोड्या पेशी त्यांपासून बचाव करू शकतात, त्याच पुढे वाढतात, आणि मग त्याच ॲस्ट्रोसाइट त्यांना साह्य करू लागतात.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधील संशोधकांनी २०१५ मध्ये याचे एक विलक्षण उदाहरण दिले. पीटेन हे कॅन्सरला आवर घालणारे जनुक आहे. मेंदूत शिरलेल्या कॅन्सर पेशींत पीटेनचे कार्य मंदावते. पण तेथे जनुक तुटलेले नसते. ॲस्ट्रोसाइट सूक्ष्म पुड्यांतून आरएनएचे (डीएनएच्या जवळच्या एका रेणूचे) जे लहान तुकडे पाठवतात, त्यांमुळे ते गप्प बसवले जाते. उंदरांवरील प्रयोगांत हीच पेशी मेंदूबाहेर काढल्यावर पीटेन पुन्हा काम करू लागले. याचा अर्थ असा की मेंदूतील गाठीचे सगळेच वेगळेपण डीएनएच्या रिपोर्टमध्ये उमटत नाही. काही वेगळेपण जागेचे असते आणि जागा बदलली की जाते. डीएनएच्या तपासणीची ही मर्यादा रिपोर्टच्या कोणत्याही पानावर लिहिलेली नसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवली आहे.

शरीरातील गाठी औषधाने आटल्या आणि मेंदूतील वाढली. जनुके बदलली म्हणून, की औषध पोहोचलेच नाही म्हणून?

दोन्ही शक्य आहे, आणि उपचाराची दिशा याच भेदावर ठरते.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातील बहुतेक द्रव्ये आत झिरपत नाहीत. जी शिरतात त्यांतील पुष्कळशी पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप परत बाहेर फेकतात. गाठीमुळे ही भिंत काही ठिकाणी फुटते, पण सर्वत्र सारखी फुटत नाही. त्यामुळे गाठीच्या मध्यभागी औषध पोहोचते आणि कडेला पोहोचत नाही, असेही होते.

भिंत ओलांडण्याची क्षमता औषधागणिक किती बदलते, हे एएलके बदल असलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये स्पष्ट दिसले. ३०३ रुग्णांच्या ‘ॲलेक्स’ चाचणीत, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, क्रिझोटिनिब घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत मेंदू व मज्जासंस्थेत आजार वाढला. मेंदूत चांगले शिरणारे अलेक्टिनिब घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. जनुकीय लक्ष्य तेच, आणि तरीही एवढा फरक पडला.

औषध आत कमी पोहोचण्याची खूण कधी कधी जनुकांतही दिसते. ईजीएफआरवरील गेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत कॅन्सर पुन्हा वाढतो, तेव्हा ईजीएफआरमध्ये टी-७९०-एम नावाचा बदल पुष्कळदा सापडतो, कारण हा बदल असलेल्या पेशीच औषधातून वाचतात. मेंदूत हा बदल तुलनेने कमी सापडतो. औषधाचा मारा तेथे सौम्य असल्यामुळे पेशींना प्रतिकाराची गरजच तेवढी पडलेली नसते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा वेळी ऑसिमर्टिनिबसारखे मेंदूत शिरणारे औषध तेथेही उपयोगी पडू शकते.

मेंदूत तीन गाठी होत्या, एकच काढली. उरलेल्या दोन वेगळ्या असतील का?

वर उल्लेखलेल्या २०१५ च्या अभ्यासात एकाच रुग्णाच्या मेंदूतील वेगवेगळ्या जागच्या, तसेच वेगवेगळ्या वेळी काढलेल्या गाठी जनुकीयदृष्ट्या परस्परांशी पुष्कळ जुळणाऱ्या निघाल्या. म्हणून एका गाठीचा रिपोर्ट मेंदूतील बाकीच्या गाठींसाठी वापरणे रास्त मानले जाते.

डोक्याला हात लावण्याऐवजी मानेतील किंवा काखेतील गाठीची बायोप्सी चालणार नाही का?

कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवण्यासाठी चालेल, आणि तेवढ्यासाठी सोपी जागाच निवडली जाते. पण मेंदूतील गाठीत कोणते जनुकीय बदल आहेत, हे त्यावरून भरवशाने कळत नाही. त्याच अभ्यासात लसिकाग्रंथींतील (मानेत-काखेत असतात त्या ग्रंथींतील) आणि शरीराच्या अन्य भागांतील गाठी मेंदूतील गाठींपासून बऱ्याच दूरच्या निघाल्या. वंशावळीच्या भाषेत, त्या आणखी वेगळ्या शाखा होत्या.

रक्ताच्या तपासणीतून हे कळत नाही का?

रक्तात तरंगणारा कॅन्सरचा डीएनए वाचणारी लिक्विड बायोप्सी आता सर्रास उपलब्ध आहे, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तिचा उपयोगही होतो. मेंदूच्या बाबतीत ती कमी पडते. ज्या भिंतीमुळे औषध आत जात नाही, तिच्यामुळेच डीएनएही रक्तात पुरेसा येत नाही. आजार फक्त मेंदूत असेल, तर रक्ताचा रिपोर्ट कोरा येण्याची शक्यता बरीच असते. ‘काही सापडले नाही’ या वाक्याचा अर्थ अशा वेळी ‘काही नाही’ असा घेऊ नये.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी, जे कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून काढतात, ते अधिक बोलके असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग येथून २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात मज्जासंस्थेत कॅन्सर पसरलेल्या ३२ पैकी २० रुग्णांच्या या पाण्यात कॅन्सरचे जनुकीय बदल सापडले. म्हणजे येथेही १२ रुग्णांत हाती काही लागले नाही. शिवाय मेंदूत दाब वाढलेला असताना पाठीतून पाणी काढणे धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे आधी स्कॅन पाहूनच हा निर्णय होतो.

केवळ जनुकीय तपासणीसाठी मेंदूचे ऑपरेशन करावे का?

सहसा नाही. ऑपरेशन ठरते ते गाठीचा आकार, जागा, तिच्यामुळे पडणारा दाब, गाठींची संख्या आणि रुग्णाची एकंदर स्थिती पाहून. लहान गाठींना बारीक नेम साधून दिलेले रेडिएशन, ज्याला रुग्ण ‘लाइट घेणे’ म्हणतात, पुरेसे ठरते, आणि त्यात नमुना मिळत नाही. ऑपरेशन अन्य कारणाने होणारच असेल, तर काढलेली गाठ वाया जाऊ देऊ नये, एवढेच.

मात्र एक परिस्थिती अशी आहे की तेथे नमुना घेणेच शहाणपणाचे ठरते. १९९० मध्ये पॅचेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आधीपासून कॅन्सर असलेल्या आणि मेंदूत एकच गाठ दिसणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ६ जणांची गाठ पसरलेल्या कॅन्सरची नव्हतीच. तेथे मेंदूचा स्वतंत्र कॅन्सर, संसर्ग किंवा दाह निघाला. त्या काळापेक्षा आजचे एमआरआय कितीतरी चांगले आहेत, पण आपल्याकडे क्षयाची मेंदूतील गाठ आणि फीतकृमीच्या अळ्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसरकोसिस हे दोन्ही आढळतात, आणि स्कॅनवर ते कॅन्सरशी साम्य दाखवू शकतात. एकच गाठ असेल, बाकी शरीरात कॅन्सर शांत असेल, किंवा पहिल्या कॅन्सरला बरीच वर्षे लोटली असतील, तर ‘ही गाठ नक्की कशाची?’ हा प्रश्न जनुकांच्या आधी विचारावा.

हे बदल मुलांकडे जातात का?

येथे वर्णन केलेले बदल कॅन्सरच्या पेशींतच घडलेले असतात आणि ते वारशाने जात नाहीत. बीआरसीएसारख्या जनुकात जन्मजात बदल असेल तर ती वेगळी बाब आहे. तो शरीरातील प्रत्येक पेशीत असतो आणि त्यासाठी जनुकीय समुपदेशन घ्यावे.

मेंदूतील गाठीत नवा बदल सापडला, तर त्यावरचे औषध लागू पडेल का?

या प्रश्नाचे उत्तर देताना सर्वांत जास्त संयम लागतो, कारण रिपोर्टच्या पहिल्याच पानावर बदलापुढे औषधाचे नाव छापलेले असते आणि घरच्यांच्या दृष्टीने ते आश्वासनच असते. प्रत्यक्षात तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तो बदल गाठ वाढवणारा असावा लागतो, कारण बरेचसे बदल नुसते सोबत आलेले प्रवासी असतात. त्या बदलावरील औषध त्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये उपयोगी ठरल्याचे चाचण्यांतून दिसलेले असावे लागते. आणि ते मेंदूत पुरेशा मात्रेत शिरावे लागते. मेलानोमातील बीआरएएफ, फुफ्फुसातील ईजीएफआर व एएलके, स्तनातील हर-टू आणि विरळा आढळणारे एनटीआरके व आरईटी या जनुकांतील बदल येथे तिन्ही अटी बऱ्याच अंशी पूर्ण होतात. पीआय-३-के मार्ग आणि सीडीके यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. नेमके हेच तपासण्यासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये ‘अलायन्स ए-०७१७०१’ ही चाचणी सुरू झाली. तीत रुग्णाच्या मेंदूतील गाठीतील बदल पाहून ॲबेमासिक्लिब, पॅक्सालिसिब किंवा एन्ट्रेक्टिनिब यांपैकी औषध ठरवण्यात आले. बोस्टनच्या अभ्यासातून निघालेली ही थेट पुढची पायरी.

माझे मत विचाराल तर, सिद्ध लक्ष्यांच्या यादीत नसलेल्या बदलासाठी घर गहाण टाकून औषध आणण्याआधी मोठ्या केंद्रातील ट्यूमर बोर्डाचे मत घ्यावे. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून एकेका रुग्णाविषयी केलेली चर्चा.

रिपोर्ट हाती आल्यावर नातेवाइकांनी काय पाहावे?

सर्वप्रथम नमुन्याची जागा आणि तारीख पाहावी. रिपोर्टची तारीख कालची असते आणि आत वापरलेला ब्लॉक तीन वर्षांपूर्वीच्या फुफ्फुसाच्या बायोप्सीचा असतो, हे पुष्कळदा घडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यानंतर नमुन्यात कॅन्सरच्या पेशी किती टक्के होत्या ते पाहावे. हे प्रमाण फार कमी असेल, तर बदल नजरेतून सुटलेले असू शकतात. तपासणी मोजक्या जनुकांची आहे की शेकडो जनुकांची, प्रतींची वाढ-घट तीत पाहिली आहे का, आणि सोबत रुग्णाच्या रक्ताचा निरोगी नमुना घेतला होता का, हेही विचारावे.

मेंदूचे ऑपरेशन झालेले असेल, तर डिस्चार्जच्या वेळीच पॅथॉलॉजी विभागाकडून त्या गाठीचा ब्लॉक क्रमांक लिहून घ्यावा आणि फाइलच्या वरच्या कागदावर तो जुन्या ब्लॉकच्या क्रमांकाखाली वेगळा नोंदवावा: एक फुफ्फुसाचा, एक मेंदूचा, प्रत्येकापुढे तारीख. पुढे कधीही जनुकीय तपासणीसाठी ब्लॉक मागवला गेला, तर काउंटरवर कोणता द्यायचा हा प्रश्न त्या दोन ओळींवरून सुटतो.